दगडाला दिलेलं नाव

आये,

तुझी नात बाळंतपणाला माझ्याकडे आली आहे. सातवा संपत आला, पहिलंच आहे, आणि तिला एका जागी बसवत नाही म्हणून गेल्या आठवड्यात तिनं माझी पत्र्याची ट्रंक उपसायला घेतली. मी शाळेतून घरी आले तर पलंगभर माझी सर्टिफिकिटं पसरलेली आणि तिच्या हातात एक पिवळा पडलेला कागद. तो मला दारातूनच ओळखू आला. 'आई, मोठीचं नाव हे होतं?' तिनं विचारलं. आपल्या आधी एक झाली होती आणि वर्षाची व्हायच्या आत गेली, एवढंच तिला ठाऊक. आमच्या घरात तिला 'मोठी' म्हणतात, तेही वर्षातून एखाद्या वेळी. नाव तिनं कधी विचारलं नाही आणि मी आपणहून सांगितलं नाही. 'दव,' तिनं मोठ्यानं वाचलं. 'किती गोड आहे गं! त्या काळात तुला हे सुचलं?' मग पोटावर हात ठेवून ती म्हणाली, 'आपण हेच ठेवू या. मुलगा झाला तरी चालेल.' मी पदरानं तोंड पुसलं आणि चहा टाकायला आत गेले.

तेव्हापासून घरात मतांचा बाजार भरला आहे. जावई फोनवर म्हणाले, छोटं आहे, बरं आहे, शाळेत लिहायला सोपं. विहीणबाईंना पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, नाव घेताना तोंड कसं भरलं पाहिजे, हे म्हणजे तोंड उघडलं आणि मिटलं. हिच्या मैत्रिणींना फार आवडलं. आता म्हणे सगळे असलीच नावं शोधतात, पाना-पाण्यातली, दोन अक्षरांत संपणारी. माझं मत तेवढं राहिलं आहे. ती रोज विचारते आणि मी रोज 'बघू' म्हणते. वर्गातल्या पन्नास पोरांना एका नजरेत गप्प बसवणारी बाई मी, आणि स्वतःच्या लेकीपुढे माझी जीभ टाळ्याला चिकटते. तू असतीस तर तुला काय वाटलं असतं ते मला माहीत आहे. म्हणून तर तुला लिहायला बसले.

तू माझं नाव धोंडी ठेवलंस. माझ्या आधीचे दोन्ही भाऊ पाळण्यातच गेले होते, आणि तिसरं जगावं म्हणून त्याला असं नाव द्यायचं की कोणाला त्याची हाव सुटू नये, अशी आपल्याकडची रीत. दगडाला कोण उचलून नेणार? सातपाटीत त्या नावाचं कोणाला काही वाटलं नाही, गल्लीत माझ्यासारखे आणखी दोघे-तिघे होते. पण पालघरच्या शाळेत हजेरी सुरू झाली की माझं नाव यायच्या आधीच मागच्या बाकांवर खुसखुस सुरू व्हायची. एक दिवस मी तणतणत घरी आले आणि दप्तर भिरकावून तुला म्हटलं, माझं नाव बदल. तू ओट्यावर बसून बोंबील साफ करत होतीस. मान वर न करता म्हणालीस, 'काय झालं तुझ्या नावाला? हाय ना जिती? मग नाव चांगलंच हाय.' मी दोन दिवस जेवले नाही. निदान तुझ्या देखत तरी जेवले नाही.

लग्नात यांनी ताटातल्या तांदळांवर अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं तेव्हा मला रडू आलं. बायकांना वाटलं सासरी जायचं म्हणून रडते आहे. ते फुलाचं नाव होतं, आणि मी फक्त एवढाच विचार करत होते की आजपासून धोंडी संपली. तू अर्थातच ते नवं नाव एकदाही घेतलं नाहीस. बोईसरला आमच्या खोलीवर यायचीस आणि गल्लीच्या तोंडापासूनच 'धोंडेऽऽ' करून हाक मारायचीस. मी धावत जाऊन तुझ्या डोक्यावरची पाटी उतरवून घ्यायचे, ती पाटीच्या काळजीनं नव्हे, आवाज बंद व्हावा म्हणून.

दव म्हणजे काय हे मला पुस्तकाच्या कितीतरी आधी कळलं, ते आपल्या वाडीत. दिवाळी झाली की किनाऱ्यावर बांबूच्या वलांड्या उभ्या राहायच्या, आणि त्यांच्यावर जबड्यात जबडा अडकवून बोंबलांच्या रांगा. दिवसभर ऊन-वारा खाऊन बोंबील कडक व्हायला लागायचे, आणि पहाटे दव पडून पुन्हा मऊ. दोन-तीन दिवस तसं झालं की माल पिवळा पडायचा, वास मारायचा, मग घाऊक घेणारा हात लावत नसे. उजाडताना तुम्ही सगळ्या जणी वाळवणावर यायच्या, बोंबलाला हात लावून बघायच्या आणि सुरू व्हायच्या. 'मेलं दव!' 'जळलं तुझं तोंड!' 'वाटोळं हो तुझं, आमच्या पोरांच्या तोंडचा घास नेलास!' एकीनं सुरू केलं की दुसरी पुढचं बोलायची. देवळातल्या आरतीला कधी दांडी मारली असेल, पण हे कधी चुकलं नाही. मला लहानपणी वाटायचं की हे सगळं म्हटल्याशिवाय दव सुकतच नसेल. शाळेत जायच्या आधी मीही तुमच्यात असायचे. माझा आवाज सगळ्यांत मोठा होता.

मग बोईसर. यांची कारखान्यातली नोकरी, चाळीतली एक खोली, मागे गवताचं माळरान. मोठीच्या वेळी मला सातवा लागला तेव्हा मी सकाळी त्या गवतातून अनवाणी चालायचे, कोणीतरी सांगितलं होतं पायांची सूज उतरते म्हणून. पाय घोट्यापर्यंत ओले व्हायचे. एक दिवस मी उभी राहिले आणि लक्षात आलं की इथे दव पडतं आणि कोणाचं काही नासत नाही. कोणी त्याला शिव्या देत नाही. ऊन येतं, ते जातं, सगळे आपापल्या पाळीला जातात. मला इतकं सुटल्यासारखं वाटलं, आये. माझं मूल अशा ठिकाणी जन्माला येणार होतं जिथे दव नुसतं दिसायला छान होतं. तिथेच मी नाव ठरवलं. यांना सांगितलं तर हे म्हणाले, तुला आवडलं ना, मग झालं. शेजारच्या काकू वाणगावकडच्या, शेतीवाल्या. त्या तर खूशच झाल्या. 'अगं, आमचा वाल दवावरच तर होतो. पाऊस गेला की त्याला दुसरं कोण पाणी पाजतं?' पलीकडच्या खोलीतली उत्तरेकडची भाभी मात्र म्हणाली, 'अच्छा है, लेकिन बहुत छोटा है. बुलाना शुरू करो तो खतम.' पुढे जन्माची नोंद करताना कारकुनानं पेन वर धरून विचारलं, 'एवढंच? पुढे काही नाही? बिंदू-बिंदू लावू का?' मी म्हटलं, एवढंच. मला फार अभिमान वाटत होता त्या एवढंच असण्याचा.

बाळंतपणानंतर तू मुशी माशाचं कालवण घेऊन आलीस, दूध यावं म्हणून. मी जेवत असताना तू विचारलंस, नाव काय काढलं. मी सांगितलं. तू हातातलं भांडं खाली ठेवलंस.

'त्या दवाला मी रोज सकाळी काय काय बोलते, तुला ठावं नाय?'

'ठाऊक आहे. मी पण बोलायचे.'

'मी एकटी नाय. सगळा किनारा बोलतो. मर, जळ, वाटोळं हो. तेच नाव पोरीला लावशील? आमी उद्या सकाळी काय करायचं? तिलाच शिव्या घालायच्या?'

'आये, शब्दानं कोणी मरत नाही.'

'मग माणूस बोलतो कशाला?' तू म्हणालीस. मी मास्तरणीच्या आवाजात बोलायला लागले. अंधश्रद्धा, अडाणीपणा, सगळं काढलं. तू ऐकून घेतलंस. शेवटी एवढंच म्हणालीस, 'धोंडी ठेव. मी ठेवलेलं, तू जगलीस.' मी म्हटलं, 'जगले, पण कशी ते मला विचार.' हे वाक्य मी शाळेपासून साठवून ठेवलं होतं. त्या दिवशी ते वापरलं.

बाराव्या दिवशी बारसं. पौषातली थंडी होती, आणि पोरीचे ओठ जरा निळसर दिसायचे. सगळ्या म्हणाल्या गारठ्यानं. तू सातपाटीहून एसटीनं पालघरला आणि तिथून गाडीनं बोईसरला आलीस ती घरचा वरवंटा फडक्यात गुंडाळून. वरवंटा माझ्याकडे होता, पण तुला तोच हवा होता, ज्याच्याशेजारी मला पाळण्यात निजवलं होतंस तो. तू त्याला न्हाऊ घातलंस, कुंकू लावलंस, झबलं चढवलंस आणि पाळण्यात पोरीशेजारी ठेवलंस. तोवर सगळं रीतीप्रमाणेच चाललं होतं. आत्यानं कानात नाव घ्यायच्या आधी तू 'मी बघते जरा' म्हणून पाळण्यावर ओणवी झालीस. मी अगदी जवळ बसले होते, म्हणून मला ऐकू आलं. तू आधी वरवंट्याशी वाकलीस आणि म्हणालीस, 'दव.' मग पोरीच्या कानाशी गेलीस आणि म्हणालीस, 'धोंडी.'

तू किती विचार केला असशील त्याचा, आता मला कळतं. मी ठरवलेलं नाव मोडायचं नव्हतं तुला. नाव राहू दे, पण दगडाला लागू दे, सगळ्या किनाऱ्याच्या शिव्या तो दगड खाईल. त्या वेळी मला फक्त 'धोंडी' ऐकू आलं आणि मागच्या बाकांवरची खुसखुस. मी पाळण्यातला वरवंटा दोन्ही हातांनी उचलला आणि फरशीवर ठेवला. जोरात ठेवला. मी म्हटलं, 'माझ्या मुलीचं नाव तिच्या कानात घे. नाही तर पाळण्याला हात लावू नकोस.' यांची बहीण म्हणाली, 'वहिनी, असू दे.' मी म्हटलं, नाही. तू माझ्याकडे बघितलंस, मग वाकलीस आणि पोरीच्या कानात अगदी हळू म्हणालीस, 'दव.' मग फरशीवर बसून वरवंट्याचं झबलं काढलंस, त्याची घडी केलीस, वरवंटा फडक्यात गुंडाळलास. वाटलेल्या घुगऱ्या पदरात घेतल्यास आणि दुपारच्या गाडीनं गेलीस.

ओठ गारठ्यानं निळे नव्हते. पालघरच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि फार वेळ लावूनच ठेवली. मग म्हणाले, हृदयाला छिद्र आहे, वजन वाढू द्या, मग मुंबईला नेऊन बघता येईल. त्या वर्षी मला वजन वाढवण्याशिवाय दुसरं काम नव्हतं. ती चार घोट प्यायची आणि दमायची, कपाळावर घाम यायचा. काट्यावर ठेवलं की काटा आदल्या महिन्याच्याच जागी. हे पाळी संपवून यायचे, तिला छातीवर घेऊन बसायचे. ज्याला जे सुचेल ते तो सांगायचा, आम्ही ते करायचो. काही करून उपयोग नाही हे आम्हा दोघांनाही कळत होतं, पण ते एकमेकांना सांगायचं धाडस कोणाकडेच नव्हतं.

कार्तिकात मी तिला घेऊन तुझ्याकडे राहायला आले. घरात गडबड नको म्हणून सकाळी तिला खांद्यावर टाकून वाळवणाकडे न्यायचे. पहिल्याच दिवशी दव असं पडलं होतं की वलांड्यांवरून पाणी ठिबकत होतं. बायका आल्या. बोंबलांना हात लावून बघितलं. आणि कोणी काही बोललं नाही. मी वाट बघत उभी. शेवटी एका नव्या सुनेनं 'मेलं' एवढं म्हटलं आणि शेजारणीनं तिच्या दंडाला हात लावला. ती चपापून म्हणाली, 'रातचं पाणी पडलंय.' दुसरी म्हणाली, 'हो, पाणी पडलंय.' आणि सगळ्या कामाला लागल्या. मी आपल्या शेजारच्या मावशीला विचारलं तेव्हा तिनं सांगितलं, 'तुझ्या आयनं सांगितलंय. बारशाच्या दुसऱ्या दिशी घरोघर फिरली. पाया पडली बायकांच्या. दवाला कोणी वाईट बोलायचं नाय, माझ्या नातीचं नाव हाय.' तू, जी कोणाच्या बापाला वाकली नाहीस. मी घरी येऊन तुला काही विचारलं नाही. मावशीजवळ मात्र हसून म्हटलं होतं, 'तुम्ही पण काय!' ते हसणं मला अजून ऐकू येतं.

मार्गशीर्षात ती गेली. पालघरच्या इस्पितळात, दुपारी. दोन दिवस तू तिच्या उशाशी बसून होतीस आणि सारखी हाक मारत होतीस, 'दव, बाय माझी, दव, इकडं बघ.' मी बळजबरीनं घ्यायला लावलेलं नाव तू इतक्या वेळा घेतलंस की परिचारिकासुद्धा तिला त्याच नावानं बोलावू लागल्या. मध्ये एकदा तू तांब्या घेऊन पाण्याला गेलीस, तेवढाच काय तो वेळ मी तिच्याजवळ एकटी होते.

त्यानंतर मी तुझ्या बोलण्याची वाट बघत राहिले. तू मला लहानपणी मीठ सांडलं तरी बोलायचीस. हे मात्र तू सहा वर्षं बोलली नाहीस. धाकटी झाली, तिला मी देवीचं चांगलं लांबलचक नाव दिलं, कोणाला बोट दाखवायला जागा राहू नये असं, आणि तिच्या पाळण्यात तू वरवंटा ठेवलास तेव्हा मी दुसरीकडे बघितलं. तू आजारी पडलीस त्या साली मला राहवलं नाही. मी विचारलं, 'आये, तू मला त्याबद्दल कधी बोलली नाहीस.' तुला लगेच कळलं कशाबद्दल ते. तू म्हणालीस, 'काय बोलू? कानात नाव तर मीच घेतलं ना.'

म्हणजे सहा वर्षं तू ते स्वतःच्या अंगावर घेऊन बसली होतीस, आणि मी समजत होते की तू मला दोष देते आहेस. मी घाईघाईनं तुला समजावलं. पाटी घेतली, हृदयाचं चित्र काढलं, सांगितलं की हे छिद्र पोटात असतानाच राहतं, नावाच्या कितीतरी आधी, तेव्हा नाव कोणी ठेवलं, कोणी घेतलं, याचा काही संबंध नाही. तू चित्राकडे बघून मान हलवलीस. शाळेत न कळणारे आईबाप हलवतात तशी. पुढच्या महिन्यात तू गेलीस. मी फक्त एवढं म्हणायला हवं होतं की तुझा दगड पाळण्यातून मी काढला. ते सोडून मी तुला धडा शिकवला.

आता वरवंटा माझ्या ओट्यावर आहे आणि तुझी नात रोज विचारते. नाही म्हणावं तर कारण सांगावं लागेल, आणि सातव्या महिन्यात पोरीच्या डोक्यात ही भीती घालण्याएवढी मी दुष्ट नाही. हो म्हणावं तर ते नाव पुन्हा माझ्या घरात हाक मारून बोलवावं लागेल. तुला निदान 'धोंडी ठेव' म्हणून तरी सांगता आलं. माझ्याकडे सांगायला काहीच नाही. परवा शेवटी मी म्हटलं, 'छान आहे, ठेव.' ती माझ्या गळ्यात पडली. हे पत्र ट्रंकेत ठेवता येणार नाही, तिला आता ट्रंकेची चटक लागली आहे. तुला पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी तुला वाचता येत नव्हतं. कोणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं, आणि पुढचं कोणी वाचलेलं मला चाललं नसतं.

त्या दुपारी तू पाण्याला गेलीस तेव्हा मी पोरीच्या कानाशी वाकले आणि म्हटलं, 'धोंडी.' चार-पाच वेळा म्हटलं. ज्या नावापायी मी भर बायकांत तुझा अपमान केला, तेच. तू तांब्या घेऊन आत आलीस तेव्हा मी सरळ बसले, आणि तू पुन्हा 'दव, दव' करून हाका मारू लागलीस. मी तुला सांगितलं नाही. तेव्हा नाही, नंतर सहा वर्षांत नाही, पाटीवर चित्र काढलं त्या दिवशीही नाही.

रोज संध्याकाळी मी तुझ्या नातीच्या पायांना तेल लावते. लावता लावता तिचा डोळा लागतो. मग मी तिच्या पोटाजवळ वाकते आणि तुझ्यासारखीच हळू आवाजात तू मला दिलेलं ते नाव घेते. यानं काही होत नाही, हे मी उद्या फळ्यावर काढून दाखवू शकेन. पण मोठीच्या वेळी मला फार उशीर झाला होता, आये. या वेळी मी सातव्यातच सुरुवात केली आहे.